लेबल जरा डावीकडे

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी अठरा वर्षं पुस्तकांच्या पाठीवर लेबलं चिकटवतो आहे. खालच्या कडेपासून बरोबर तीन बोटं वर, न तिरपी, न सुरकुतलेली. इतक्या वर्षांत एकाही पुस्तकाची तक्रार आलेली नाही. तरीही विश्वेशला, म्हणजे मला, लेबल कुठे लावायचं ते कळत नाही, असं काशीत दुर्गाघाटापासून दूधविनायकापर्यंत बोललं जातं. ज्यांनी जन्मात लोणच्याच्या बरणीवरसुद्धा चिठ्ठी चिकटवली नाही, तेही बोलतात. म्हणून झालं काय, ते एकदा सांगूनच टाकतो.

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत माझे नीलकंठकाका राहतात. महाराष्ट्रातून काशीला श्राद्धकर्म करायला येणाऱ्या घराण्यांचे ते उपाध्ये. यजमान आला की त्याच्या घराण्याची बही काढायची, त्याचे बापजादे कधी आले, कोणाला घेऊन आले ते वाचून दाखवायचं, त्यांची सही दाखवायची आणि खाली नवी नोंद करून घ्यायची. ज्याच्या बहीत सही, त्याचा यजमान, असा इथला रिवाज आहे. आणि बही उपाध्यायाने स्वतः वाचायची असते.

शहाण्णव साली काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, अजून पिकलेला नाही, दिवाळीनंतर काढू. पितृपक्ष दिवाळीच्या आधी येतो, त्याला डॉक्टर तरी काय करणार? त्यात मिरजेहून दत्तात्रेय खांबेटे यांचं पत्र आलं, की पंचमीला सहकुटुंब येतो आहोत, घराण्याची नोंद बघण्याची इच्छा आहे. खांबेटे म्हणजे कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. कागदाचा शब्द न् शब्द बोट ठेवून वाचणारा माणूस.

"काका, मी वाचून दाखवतो की," मी म्हणालो.

"तू वाचणार, आणि मी काय, शेजारी बसून झांजा वाजवू?" काका म्हणाले. "उपाध्यायाला दिसत नाही असं एकदा घाटावर पसरलं ना विशू, की संपलं. खांबेटे उठून पलीकडच्या गल्लीत जातील. मग एकेक करून सगळे जातील. माझ्याकडे ह्या बह्यांशिवाय दुसरं आहेच काय?"

काकांना मूलबाळ नाही, काकू जाऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे हे वाक्य मला लागलं. आणि लागल्याच्या भरात मी जे बोललो त्याची फळं अजून भोगतो आहे. मी म्हणालो, "काका, बही कंप्यूटरवर घेऊ. लिंबाएवढं अक्षर करू. मग तुम्ही स्वतः वाचा."

ग्रंथालयाने मला तीन महिन्यांच्या कंप्यूटर कोर्सला पाठवलं होतं. तिथे आम्हाला पडद्यावर खिडक्या आणि बटणं कशी काढायची ते शिकवलं होतं. एक बटण दाबलं की 'नमस्कार' असं उमटणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता, आणि परीक्षेत मला 'अच्छा' असा शेरा मिळाला होता. एवढ्या शिदोरीवर माणसं याहून भलती साहसं करतात.

काकांनी विचार केला. "लिंबाएवढं असेल तर दिसेल," ते म्हणाले. "वापरून बघू."

बंद पडत आलेल्या एका कंप्यूटर क्लासातून मी जुनं मशीन घेतलं आणि दोन हमालांच्या डोक्यावरून काकांच्या बाहेरच्या खोलीत आणवलं. वाटेत एक सांड आडवा बसला होता, म्हणून अर्धा तास दुबेजींच्या पानाच्या टपरीशी थांबावं लागलं, आणि तेवढ्या वेळात सगळ्या मोहल्ल्याला समजलं की नीलकंठ गुरुजींकडे टीव्ही आला.

मशीन लावताच घराचा फ्यूज उडाला. जादा लोडसाठी बिजली दफ्तरात अर्ज करावा लागला. छापील अर्जात पंखा, बत्ती, कूलर, आटा चक्की आणि अन्य असे रकाने होते. मी 'अन्य' भरलं. तिथले कारकून बाबूजी म्हणाले, "अन्य में बड़े साहब का दस्तख़त लगता है, और बड़े साहब छुट्टी पर हैं।" कधी येतील, विचारलं. ते म्हणाले, "आएँगे।" शेवटी माझ्यावर दया येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने कंप्यूटर 'आटा चक्की'त घातला. लोड मंजूर झालं. पुढे महिनाभर गल्लीतल्या बायका गव्हाचे डबे घेऊन काकांच्या दारात येत होत्या. काका प्रत्येकीला बसवून समजावत, आणि प्रत्येक जण काकांपेक्षा बाबूजींच्या कागदावर जास्त विश्वास ठेवून रुसून जाई.

आता मुद्द्याकडे येतो. पडद्यावर माहिती दाखवायची तर दोन वस्तू लागतात. एक खोका, ज्यात नाव दिसतं. आणि दुसरं लेबल, जे सांगतं की हे नाव कोणाचं. मला सहा खोके हवे होते आणि सहा लेबलं. वरून खाली कै. पणजोबा, कै. आजोबा, कै. वडील, यजमान, मूळ गाव आणि गोत्र. वडीलधारे वर, हे उघडच आहे. यात अवघड काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

पण पडदा चौदा इंची आणि अक्षर लिंबाएवढं. 'कै. पणजोबा' हे लेबल खोक्याच्या डाव्या बाजूला ठेवलं तर त्यानेच अर्धा पडदा खाल्ला, आणि पणजोबा स्वतः शेजारच्या खोक्यात नुसते 'रघु' एवढेच मावले. लेबल खोक्याच्या वर ठेवलं तर सहाच्या बारा ओळी झाल्या आणि गोत्र पडद्याच्या खाली गेलं. लेबल बुटकं केलं तर वरच्या मात्रा कापल्या गेल्या, आणि 'गोत्र' बोडकं दिसायला लागलं. या सगळ्या जागा ट्विप नावाच्या मापात द्याव्या लागतात. एका इंचात चौदाशे चाळीस ट्विप. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढं बारीक माप कोणाला लागतं रे?" मी म्हणालो, लेबलाला लागतं. त्यांनी मान डोलावली.

माझी अडचण कळताच मदतीला माणसं धावली. आमच्या शेजारच्या कालिंदीमावशी शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "नकाशात गावाचं नाव ठिपक्याच्या उजवीकडे लिहितात. तू सगळी लेबलं उजवीकडे घे. इतकं साधं आहे." मी घेतली. मग पडदा बघणाऱ्याला आधी नाव दिसे आणि मग ते कोणाचं ते समजे. नगरपालिकेत बांधकामाचे नकाशे तपासणारे प्रल्हादराव येऊन बसले आणि म्हणाले, "दोन खोक्यांत हवा खेळायला हवी. सेटबॅक कुठे आहे?" सेटबॅकची मोकळी जागा सोडल्यावर मूळ गाव हद्दपार झालं. दुबेजींनी पान लावता लावता निकाल दिला, "गुरु, बोर्ड तो ऊपर लगता है। दुकान के बग़ल में बोर्ड टाँगोगे तो गाहक पड़ोसी के यहाँ घुसेगा।" यात मला तथ्य वाटलं, म्हणून एक दिवस लेबलं पुन्हा वर गेली.

घरी मालविकाला विचारलं. ती म्हणाली, "अहो, लग्नाला सोळा वर्षं झाली, पानात चटणी कोणत्या हाताला वाढतात ते तुम्हाला अजून सांगावं लागतं. तुम्ही कोणाची जागा ठरवताय?" या विषयावर मी घरात पुन्हा बोललो नाही.

पण या सगळ्यांत खरा रस घेतला तो काकांनी. रोज संध्याकाळी सहाला ग्रंथालयातून सुटलो की मी त्यांच्याकडे जाई. काका चष्मा लावून पडद्यासमोर तयार असत. मी बहीतली नोंद मोठ्याने वाचून टाइप करी. नुसती नावं नव्हेत, सगळी नोंद. कोण आलं, कोणत्या शकात, बरोबर कोण होतं, काय विशेष घडलं. काका ती पुटपुटत म्हणत. मला वाटे, माझं टायपिंग तपासताहेत. मग ते पडद्याकडे तोंड करून बराच वेळ बसत आणि म्हणत, "लेबल जरा डावीकडे घे."

मी घेई.

"आता पहिल्यापासून वाच. नोंद जुळते का बघू."

मी पुन्हा वाची. काका ऐकत आणि म्हणत, "नाही रे. ठीक नाही लागत. थोडं उजवीकडे." पुन्हा हलव, पुन्हा वाच. एकेका नोंदीला सात-आठ वेळा. शंभर ट्विपांचा फरकसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही याचं मला फार कौतुक वाटायचं. मोतीबिंदू असून ही दृष्टी, मग तरुणपणी काय असेल! मी हे चारचौघांत सांगितलंही होतं.

सहा लेबलं रोज एकेक करून हलवायची म्हणजे बोटांचा चुरा. म्हणून मी एक युक्ती केली. लेबलांची साखळी बांधली. पहिलं जिथे असेल त्याच्या खाली दुसरं, दुसऱ्याच्या खाली तिसरं, आपोआप. वरचं एक हलवलं की खालची सगळी शहाण्या मुलांसारखी त्याच्यामागे जात. त्या दिवशी मला पेढे वाटावेसे वाटले. खोक्यांची साखळी बांधली नाही, कारण खोक्यांबद्दल कोणी सल्लाच दिला नव्हता. ते जागच्या जागी बसून होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ठेवली नाही.

दोन महिन्यांत बह्या चार पुऱ्या झाल्या. पंचमी उजाडली. मी रजा काढून काकांकडे हजर होतो. लेबलं डावीकडे, नावं उजवीकडे, मात्रा शाबूत, गोत्र पडद्यात. खांबेटेंचं पान काढून ठेवलं होतं. काकांनी सोवळं नेसलं होतं. खांबेटे पायऱ्या चढताना ऐकू यायला लागले, तेवढ्यात काका म्हणाले, "विशू, वर श्री घातलास ना?"

श्री घातला नव्हता. आमच्या घरात वाण्याच्या यादीवरसुद्धा आधी श्री घालतात. बहीच्या पानापानावर श्री आहे. आणि मी पितरांची नोंद श्रीशिवाय उघडायला निघालो होतो! मी घाईघाईने एक नवं लेबल केलं, त्यात ॥ श्री ॥ लिहिलं आणि साखळीत सगळ्यांत वर जोडून दिलं. सुरेख दिसला श्री. वेलांटीसुद्धा कापली गेली नाही. मी त्याच्याकडेच बघत होतो, खाली बघितलं नाही.

खांबेटे आले. उंच, काटकुळे, छातीशी कागदांची पिशवी. मागून खांबेटेबाई. नमस्कार, चहा, प्रवासाची चौकशी झाली. पडद्याकडे बघून खांबेटे म्हणाले, "वा! काशीतसुद्धा आलं का हे?" मला धन्य वाटलं. मी पडदा थोडा त्यांच्या बाजूला वळवला.

काकांनी चष्मा नीट केला, पडद्याकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "गोत्र काश्यप. मूळ गाव मिरज. पणजोबा कैलासवासी रघुनाथ. आजोबा कैलासवासी बाळकृष्ण. वडील कैलासवासी विष्णु. यजमान दत्तात्रेय."

एक अक्षर अडखळले नाहीत. माझे डोळे भरून आले. दोन महिन्यांचं सार्थक झालं असं वाटलं.

"एक मिनिट," खांबेटे म्हणाले. ते उठून पडद्याजवळ गेले होते आणि त्यांचं बोट काचेवर होतं. "आपण वाचता ते आणि इथे लिहिलंय ते जुळत नाही. इथे आहे, कै. आजोबा, विष्णु. कै. वडील, दत्तात्रेय."

त्यांचं बोट त्याच ओळीवर थांबलं.

"दत्तात्रेय म्हणजे मी," खांबेटे म्हणाले. "कैलासवासी? आणि खाली यजमान म्हणून मिरज हे गाव आलेलं आहे?"

"शुभ बोला हो!" खांबेटेबाई ओरडल्या आणि त्यांनी नवऱ्याची बाही घट्ट धरली. "पितरांच्या पंधरवड्यात जित्या माणसाला असं लिहितात का?"

श्रीने सगळ्या लेबलांना एकेक घर खाली ढकललं होतं आणि खोके जागचे हलले नव्हते. पणजोबांच्या समोर श्री होता, गोत्राचं लेबल पडद्याबाहेर पडलं होतं आणि काश्यप हे खांबेटेंचं मूळ गाव झालं होतं. हे मला क्षणात कळलं. पण दुसरं काहीच कळेना. पडद्यावर इतकी चूक, मग काकांनी बरोबर कसं वाचलं?

मी काकांकडे बघितलं. त्यांचं तोंड पडद्याकडे होतं, पण नजर पडद्यावर नव्हती. पडद्याच्या वीतभर डावीकडे भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर होतं, तिकडे ते बघत होते. मघाशी मी पडदा वळवला होता ते त्यांना समजलंच नव्हतं.

खांबेटेही काकांकडे बघायला लागले होते. एकदा पडदा, एकदा काका. शिरस्तेदाराला दोन कागद जुळत नाहीत म्हटलं की तो कारण शोधल्याशिवाय राहत नाही. त्यांनी तोंड उघडलं. आता ते विचारणार, आपल्याला दिसत नाही का, हे मला कळलं.

"चूक माझी आहे," मी जवळजवळ ओरडलोच. "लेबलं मी लावलीत. मला लेबलं लावता येत नाहीत. काकांना ह्या यंत्राची गरजच नाही. त्यांना बह्या तोंडपाठ आहेत. हे नुसतं यजमानांना बघायला ठेवलंय."

इतक्या वर्षांची अब्रू मी एका वाक्यात घालवली. आणि वर खोटंही बोललो, असं मला वाटलं.

काका शांत होते. "विशू," ते म्हणाले, "चौथी बही काढ. पान एकशे त्रेचाळीस. खालून तिसरी ओळ. तू वाचू नकोस, नुसतं समोर धर." आणि डोळे मिटून ते म्हणायला लागले. "शके अठराशे बावन्न, भाद्रपद वद्य पंचमी. बाळकृष्ण रघुनाथ खांबेटे, सोबत चिरंजीव विष्णु, वय वर्षे वीस. पंचगंगा घाटावर श्राद्ध केले. विष्णु घाटावर छत्री विसरला. छत्री परत पाठविली."

मी पान उघडलं. खालून तिसऱ्या ओळीत जसंच्या तसं होतं, आणि खाली कोवळ्या अक्षरात 'विष्णु बाळकृष्ण' अशी सही.

खांबेटे बोट ठेवून वाचत होते. छत्रीपाशी बोट थांबलं. "ती छत्री आमच्या माडीवर आहे," ते म्हणाले. "काशीची छत्री म्हणायचे बाबा. का म्हणायचे ते कधी सांगितलं नाही." मग पिशवी बाजूला ठेवून त्यांनी काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठले तेव्हा डोळे पुसत होते. माझ्याकडे बघून मात्र म्हणाले, "तेवढं मला त्या कैलासवासीतून काढा."

संध्याकाळपर्यंत बातमी घाटभर झाली होती. दुबेजी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "कंप्यूटर फेल, पंडितजी पास! और उनका भतीजा? जिंदा आदमी को सरग भेज दिया!" पलीकडच्या गल्लीतले उपाध्येसुद्धा काकांना नमस्कार करून गेले. प्रल्हादराव म्हणाले, सेटबॅक ठेवला असतात तर हे झालं नसतं.

सगळे गेल्यावर मी काकांसमोर बसलो. मला राग आला होता, आणि तो कोणावर ते समजत नव्हतं.

"काका, तुम्हाला पडद्यावर काय दिसतं?"

"निळं दिसतं," काका म्हणाले. "छान आहे."

"आणि लेबलं?"

"लेबलं कुठे असतात?"

"मग दोन महिने डावीकडे घे, उजवीकडे घे, ठीक नाही लागत..."

"अरे, लेबल हललं की तू पहिल्यापासून वाचायचास," काका म्हणाले. "आम्ही ऐकूनच शिकलो. गुरुजी म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो. लहानपणी दोनदा ऐकलं की बसायचं. आता आठ वेळा लागतं."

"मग सरळ सांगायचं होतं! विशू, रोज येऊन वाच, म्हणून."

काकांनी चष्मा काढून ठेवला. मग हळूच म्हणाले, "सांगितलं असतं तर म्हाताऱ्याची दया येऊन चार दिवस आला असतास. कंप्यूटरच्या नादाने दोन महिने आलास. काही खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. त्याच्या आधीच्या वर्षात मी काकांकडे किती वेळा गेलो होतो ते आठवून पाहिलं. संक्रांतीला एकदा, आणि काकूच्या श्राद्धाला. मला इतकी लाज वाटली की राग कुठे गेला ते समजलंच नाही.

"परवा सप्तमीला वाईचे यजमान आहेत," काका म्हणाले. "ते पाचव्या बहीत. तिच्यातलं अजून काहीच बसलेलं नाही." त्यांनी चष्मा लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडराकडे तोंड करून बसले. "लेबल जरा डावीकडे घे बरं."

वीज तासाभरापूर्वीच गेली होती. पडदा काळा होता.

"घेतलं काका," मी म्हणालो, पाचवी बही मांडीवर उघडली आणि खिडकीच्या उजेडात पहिल्यापासून वाचायला लागलो.